मागच्या चाकापासून बॉनेटपर्यंत

जुनी जीप दारात येऊन उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हिच्यात कुठलं इंजिन बसेल? बोलेरोचं डीआय डिझेल बसेल का, जुनं पेजोचं डिझेल ठेवावं का, पेट्रोलच करावं का? बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यात अशा गाड्या अजून पुष्कळ आहेत. उसाच्या फडावर राबलेल्या एमएम ५४० जीपा, घरातल्या सगळ्या लग्नांत वरात ओढलेल्या ॲम्बेसेडर, शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या पद्मिनी. भंगारात घालायला मन धजत नाही, आणि आहे तशी चालवायची तर हायवेवर उसाचा रिकामा ट्रकसुद्धा हॉर्न मारून पुढे जातो. म्हणून इंजिन बदलायचं मनात येतं. विचारात वाईट काहीच नाही, फक्त त्याची सुरुवात उलट्या टोकाकडून होते.

सुरुवात मागच्या चाकापासून करावी आणि एकेक भाग बघत बॉनेटकडे यावं. इंजिन सगळ्यात शेवटी निवडायचं. तिथवर पोचेपर्यंत बऱ्याचदा लक्षात येतं की गाडीचं दुखणं इंजिनात नव्हतंच.

महिंद्राची जुनी सीजे ३बी जीप घ्या. तिच्या मूळ हाऊसिंगमध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या दातेरी चक्रांच्या डब्यात, क्राउनला (मोठ्या चक्राला) ४३ दात आणि पिनियनला (लहान चक्राला) ८, म्हणजे गुणोत्तर ५.३८. ६.००-१६ चा टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,३३३ मीटर, म्हणजे चाकाचे ६०६ फेरे. त्याला ५.३८ ने गुणलं की टॉप गिअरात इंजिनचे मिनिटाला ३,२६० फेरे होतात. बोलेरोच्या २,५२३ सीसीच्या साध्या डीआय इंजिनची पूर्ण ताकद ३,२०० फेऱ्यांना मिळते आणि त्यापुढे गव्हर्नर (फेऱ्यांना लगाम घालणारा भाग) त्याला जाऊ देत नाही. याचा अर्थ असा की मागचं हाऊसिंग आणि जुनी गिअरची पेटी तशीच ठेवून नवं इंजिन घातलं, तर ताशी ८० ला ते आपल्या शेवटच्या टोकाला ओरडत असतं. खर्च होऊन गेलेला असतो आणि हायवेवर गाडी होती तिथेच असते.

आता दोन वाटा उरतात. पहिली, क्राउन-पिनियन बदलून ४७ ला ११ दातांचा जोड घालायचा, म्हणजे ४.२७. मग ताशी ८० ला इंजिन २,५८८ फेऱ्यांवर येतं. दुसरी, क्राउनला हात न लावता पाच गिअरची पेटी घालायची. पाचव्याचं गुणोत्तर ०.८२ धरलं तर फेरे २,६७४ होतात. हायवेवर दोन्हींत फरक जाणवणार नाही. बाकी सगळ्या बाबतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. क्राउन बदलला की पहिला गिअरही त्याच प्रमाणात उंच होतो. ओढण्याची ताकद पाचव्या हिश्श्यापेक्षा थोडी जास्तच कमी होते, आणि जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात लाल चिखलातून गाडी काढताना ती पदोपदी आठवते. फोर-व्हील जीप असेल तर पुढचं हाऊसिंगही त्याच गुणोत्तराचं करावं लागतं. नुसतं मागचं बदलून फोर-व्हील टाकलं तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केसचे, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याचे, दात जातात. शिवाय जीपचा स्पीडोमीटर ट्रान्सफर केसमधून चालतो, हाऊसिंगच्या अलीकडून. क्राउन ४.२७ चा केला आणि केबलचा गिअर तोच ठेवला, तर गाडी ८० ने पळत असताना काटा ६३ दाखवतो. पाच गिअरच्या पेटीत यातलं काहीच होत नाही. क्राउनमुळे पहिला गिअर उंच होत नाही, पुढचं हाऊसिंग उघडावं लागत नाही, काटा खरं बोलतो. म्हणून फोर-व्हील जीपला आधी पेटी, आणि मग गरज पडलीच तर इंजिन.

आपल्या हाऊसिंगमध्ये कुठला जोड आहे हे उघडल्याशिवाय कळतं. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू दे. प्रोपेलर शाफ्टवर (पेटीकडून हाऊसिंगला ताकद नेणाऱ्या लांब दांड्यावर) खडूने एक रेघ ओढा. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. पाच फेऱ्यांहून एक तृतीयांश जास्त झाले तर ५.३८, पाचाला थोडे कमी पडले तर ४.८८, सव्वाचार झाले तर ४.२७. एक काळजी घ्यायलाच हवी. जुन्या सीजे जीपांचा हँडब्रेक चाकावर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. तो ओढला तर शाफ्ट फिरणार नाही, आणि एक चाक हवेत असताना तो गाडीला धरूनही ठेवू शकत नाही. म्हणून बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये.

महिंद्राच्या जीपांना नव्याने पेटी शोधायची तर घरातल्या घरात सोय आहे. जुनी चार गिअरची केएमटी ९०, नंतरची पेजोच्या घराण्यातली पाच गिअरची बीए १०, आणि बोलेरोच्या काळातली एनजीटी ५२०. पेटी घेताना तिच्या पोटात काय आहे एवढं बघून चालत नाही, तिच्याबरोबर काय काय येतं तेही बघावं. बेलहाऊसिंग (इंजिन आणि पेटी यांच्यामधलं क्लचचं आवरण), रिलीज बेअरिंगचा फोर्क (क्लच सोडवणारा काटा), गिअरचा दांडा, खालचा क्रॉस मेंबर आणि मागची ट्रान्सफर केस हे सगळं एकाच गाडीचं, एकत्र मिळालं तर घ्यावं. सुटं स्वस्त मिळतं म्हणून सुटं घेणारा पुढचे दोन महिने कोल्हापूर आणि बेळगावच्या जुन्या बाजारात एका फोर्कसाठी हिंडतो.

पेटी लांब झाली की प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते: मागचा तोकडा करावा लागतो, पुढचा वाढवावा लागतो. शाफ्ट कापून जोडण्याचं काम बेळगावात होतं, पण माप गाडी चारही चाकांवर उभी असताना घ्यायचं, जॅकवर असताना नाही. जॅकवर पाटे लोंबतात आणि माप चुकतं. सरकत्या जॉइंटमध्ये दोन्ही बाजूंना किमान २५ मिलिमीटर खेळ ठेवायचा, नाहीतर खड्ड्यात पाटा दबला की शाफ्ट पेटीच्या मागच्या बेअरिंगवर हातोड्यासारखा बसतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस (फिरते सांधे) एकाच रेषेत हवेत. पेटीचं तोंड आणि पिनियनचं तोंड एकमेकांना समांतर हवं, दोन्ही कोनांत एका अंशापेक्षा जास्त फरक नको. हे बिघडलं की ताशी ५५-६० च्या पुढे पायाखाली घरघर सुरू होते. लोक शाफ्ट पुन्हा पुन्हा बॅलन्स करून आणतात आणि घरघर जात नाही, कारण दोष वजनात नसतो, कोनात असतो. पाट्याखाली पाचरीच्या आकाराची पट्टी घालून पिनियनचं तोंड वर-खाली केलं की ती थांबते.

आता इंजिन आणि पेटी यांच्या जोडाकडे येऊ. सगळं काम याच जोडावर उभं राहतं आणि याच जोडावर पडतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

वेगळ्या इंजिनला वेगळी पेटी जोडायची तर मध्ये अडॅप्टर प्लेट लागते. ती करून घेण्यासाठी बेळगावसारखं गाव नाही. उद्यमबागेत आणि मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्री आणि मशीन शॉप पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत, क्रँकशाफ्टसारखे भाग इथे मायक्रॉनमध्ये मोजले जातात. तरीही अनेक प्लेटा पुठ्ठ्यावर बोल्टांचे ठसे काढून बनतात. पुठ्ठ्यावरून बोल्टांची भोकं जुळतात, मध्यबिंदू जुळत नाही. ब्लॉक आणि बेलहाऊसिंग दोन्ही शॉपवर घेऊन जा आणि क्रँकच्या (इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) मध्यापासून माप घ्यायला सांगा. प्लेटमध्ये बोल्टांशिवाय दोन डॉवेल पिना हव्याच. बोल्ट फक्त आवळून धरतात, जागा डॉवेल ठरवतात.

प्लेट आली की तपासायची. क्लच काढून ठेवा, प्लेट आणि बेलहाऊसिंग ब्लॉकला आवळा. डायल गेजचा (बारीक फरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापाचा) चुंबकी स्टँड फ्लायव्हीलवर, म्हणजे क्रँकच्या मागच्या जड चाकावर बसवा, गेजचं टोक बेलहाऊसिंगच्या मागच्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवा, आणि क्रँक हाताने सावकाश पूर्ण एक फेरा फिरवा. काटा जास्तीत जास्त आणि कमीत कमी कुठे गेला ते लिहून ठेवा. दोन्हींतला फरक ०.१३ मिलिमीटरच्या आत हवा. त्याहून जास्त असेल तर डॉवेल काढून, प्लेट सरकवून, पुन्हा भोकं पाडावीत. कामाला वेळ लागतो आणि मिस्त्री कंटाळतो, पण कंटाळू द्यावं. हा फरक अर्धा मिलिमीटर राहिला तर इनपुट शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला वाकून सरळ होत असतो. आधी क्लच पूर्ण सुटत नाही, मग रिव्हर्स टाकताना दात घासतात, मग पुढच्या बेअरिंगचा आवाज येतो, आणि शेवटी उतारावर पाय काढला की टॉप गिअर आपोआप सुटतो. दोष गिअरबॉक्सला दिला जातो, ती तीन वेळा उघडली जाते, आणि प्लेटकडे कुणी बघत नाही.

याच जागी दुसरी मेख इनपुट शाफ्टच्या टोकाची आहे. ते टोक क्रँकच्या मागच्या पायलट बुशमध्ये, म्हणजे आधाराच्या छोट्या नळीत, बसतं. पेटी दुसऱ्या गाडीची असेल तर टोकाची जाडी आणि लांबी दोन्ही वेगळी निघते. जाडीसाठी गनमेटलचा बुश लेथवर करून मिळतो. लांबीकडे दुर्लक्ष झालं आणि टोक क्रँकच्या तळाला टेकलं, तर पेटीचे बोल्ट आवळताना क्रँक पुढे ढकलला जातो आणि त्याला मागे-पुढे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर थोड्याच दिवसांत झिजून जातात. ओळखायची खूण सोपी आहे. पेटी हातांच्या जोराने, बोल्ट न आवळता, ब्लॉकला चिकटून बसली पाहिजे. शेवटच्या काही मिलिमीटरसाठी बोल्टांनी ओढून घ्यावी लागत असेल तर तिथेच थांबायचं आणि पेटी काढायची.

क्लच प्लेटचा व्यास इंजिनच्या फ्लायव्हीलप्रमाणे आणि मधला दातेरी हब पेटीच्या शाफ्टप्रमाणे, अशी मिश्र प्लेट रिव्हेट करून मिळते. सेल्फचे दात फ्लायव्हीलच्या रिंगशी जुळतात की नाही ते प्लेट बनवण्याआधीच बघावं, कारण प्लेटच्या जाडीएवढा सेल्फ मागे किंवा पुढे जातो.

इथवर आल्यावर इंजिनचा विषय काढायला हरकत नाही. पहिला प्रश्न असा, की आहे ते खरंच संपलंय का? पेट्रोल इंजिनचं कॉम्प्रेशन मोजा: इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. चारही सिलिंडर एकमेकांच्या १०-१५ टक्क्यांत असतील तर इंजिन संपलेलं नाही. एखादा कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑईल घालून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा गेल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. व्हॉल्व्हचं काम हेड उतरवून होतं, त्यासाठी अख्खं इंजिन बदलायची गरज नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठेक टक्के कमी असतो. टर्बो नसलेलं इंजिन तेवढं कमीच ओढणार. चोर्ला उतरून गोव्यात गेल्यावर गाडी अंगात वारं भरल्यासारखी पळते, ती याचमुळे. परत वर आल्यावर ती मंदावते, म्हणून पंप खोलून डिझेल वाढवून घेणारे आहेत. त्याने ताकद थोडी आणि धूर पुष्कळ वाढतो.

इंजिन ठीक आहे पण झिजलंय, तर उघडून नवं करावं असंच ठामपणे सांगावंसं वाटतं. सिलिंडरला बोअर मारून मोठे पिस्टन, क्रँकला १०, २० किंवा ३० चं (हजारांश इंचाचं) ग्राइंडिंग, हेड सरफेसिंग, नव्या रिंगा, ऑईल पंप. हे सगळं उद्यमबागेच्या आसपास एका दिवसाच्या फेरीत उरकतं. नंतर इंजिन आपल्याच चेसिसवर, आपल्याच फाउंडेशनवर (इंजिन टेकवायच्या ब्रॅकेटांवर) बसतं, आणि आरसीवरचा नंबर तोच राहतो.

हा नंबर महत्त्वाचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या नोंदी कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळ्या होतील असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच अर्थाचा निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीवर इंजिन नंबर असतो, सीसी असते, इंधन असतं. गिअरबॉक्सचा रकाना नसतो. पाच गिअरची पेटी आधी का, याचं हे दुसरं कारण. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलायचं असेल तर आधी आपल्या आरटीओत अर्ज करावा. बेळगावची केए २२ असो वा चिकोडीची केए २३, नोंदणी जिथली तिथेच. इंजिन कोल्हापुरातून आणलं तर विकणाऱ्याचं पक्कं बिल हवं, त्यावर इंजिन नंबर आणि ते ज्या गाडीतून काढलं तिचा नंबर हवा. परवानगी, तपासणी, आरसीवर नवा नंबर, आणि लगेच विमा कंपनीला लेखी कळवणं, याच क्रमाने. जुन्या ब्लॉकवरचा नंबर घासून त्यावर आपला नंबर ठोकून देतो असं कुणी म्हणालं तर त्या दुकानातून सरळ बाहेर पडावं. तो गुन्हा आहे, आणि नोंदणीच्या नूतनीकरणाला १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी गाडी तपासणीला उभी करावीच लागते. तिथे घासलेला ब्लॉक लपत नाही.

यातूनच इंजिन निवडायचा साधा मार्ग निघतो: कंपनीने त्या गाडीत स्वतः कधीतरी बसवलेली जोडी आधी बघायची. ॲम्बेसेडरमध्ये हिंदुस्थान मोटर्सने १,४८९ सीसीचं बीएमसी घराण्याचं पेट्रोल आणि डिझेल दिलं, नंतर इसुझूचं १,८१७ सीसीचं पेट्रोल पाच गिअरच्या पेटीसह, आणि १,९९५ सीसीचं डिझेल. २०१४ मध्ये उत्पादन थांबलं, म्हणून अख्खी गाडी मोडीत निघत असेल तर इंजिन, पेटी, फाउंडेशनचे ब्रॅकेट, रेडिएटर आणि वायरिंग एकत्र घेऊन ठेवणारे शहाणे. १,४८९ च्या आरसीवर १,८१७ बसवलं तर सीसी बदलते, तेव्हा कागदाचा प्रश्न तिथेही उरतो. तो आधी आरटीओत विचारायचा, इंजिन बसवल्यावर नाही. पद्मिनीच्या १,०८९ सीसीच्या जागी प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं १,१७१ सीसीचं निसान इंजिन अनेकांनी बसवलं. यंत्राच्या दृष्टीने ती जोडी चांगली आहे, आरसीच्या दृष्टीने नाही. मारुती जिप्सीवाल्यांना मोह होतो तो मारुतीच्याच एस्टीमच्या इंजिनचा. जिप्सी किंगचं १,२९८ सीसीचं इंजिन आणि एस्टीमचं एकाच जी १३ घराण्यातलं आहे, पण एस्टीममध्ये ते आडवं बसतं आणि जिप्सीत उभं. त्यामुळे ऑईल संप, त्याची चाळणी, मॅनिफोल्ड, पाण्याचे पाइप आणि फाउंडेशन जिप्सीचंच लागतं. इंजेक्शनचं इंजिन घेताना ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, किल्लीसकट इमोबिलायझर (चोरी रोखणारा भाग) आणि सगळे सेन्सर एकाच गाडीचे हवेत. कार्ब्युरेटरच्या गाडीचा पंप तीन-चार पीएसआय दाब देतो आणि इंजेक्शनला तीन बार म्हणजे जवळजवळ ४४ पीएसआय लागतात, तेव्हा टाकीतला पंप, दाबाचा पाइप आणि परतीचा पाइप सगळं नवं करावं लागतं.

इंजिनच्या आजूबाजूच्या गोष्टी लोक शेवटी उरलेल्या पैशात उरकतात. खरं तर इंजिनच्या किमतीएवढे पैसे याच गोष्टींसाठी आधी बाजूला काढून ठेवावेत.

पेट्रोल काढून डिझेल बसवलं आणि ब्रेकला बूस्टर (पेडल हलकं करणारा डबा) असेल, तर बूस्टरला व्हॅक्यूम कुठून मिळणार? पेट्रोल इंजिनचा मॅनिफोल्ड तो देतो, डिझेलचा देत नाही. डिझेलला अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप लागतो. त्याला ऑईलचा बारीक पाइप जातो, आणि परतीचा जाड पाइप संपमध्ये ऑईलच्या पातळीच्या वर उतरावा लागतो, नाहीतर पंपात ऑईल साचून सील फुटतात. हा पंप विसरला की गाडी जागेवर सुरेख चालते आणि घाटात पहिल्याच ब्रेकला पेडल दगडासारखं लागतं.

फाउंडेशन आधी कच्चं टाक मारून लावायचं, पेटी, शाफ्ट, रेडिएटर, एक्झॉस्ट सगळं जुळवून बघायचं, आणि मगच इंजिन उतरवून पक्कं वेल्डिंग करायचं. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग मारू नये, तिथूनच पुढे चीर जाते. मारताना बॅटरीची दोन्ही टोकं सोडून ठेवावीत.

अर्थिंगची पट्टी ही दोन-तीनशे रुपयांची वस्तू आहे आणि तिच्यावाचून गाड्या जळता जळता राहिल्यात. नवं इंजिन रबरी फाउंडेशनवर बसतं, रबरातून वीज जात नाही. इंजिन ते चेसिस जाड वेणीची पट्टी लावायची राहिली, की सेल्फ मारताना शेकडो अँपिअर मिळेल त्या धातूतून वाट काढतात. बहुतेक वेळा ती वाट ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलची असते. सेल्फ जड फिरतो, केबलच्या प्लास्टिकला वास येतो, आतली तार लाल होते आणि आवरणाला चिकटून बसते. मग ॲक्सिलरेटर अर्ध्यात अडकतो. असा वास आला तर दुसऱ्यांदा सेल्फ मारूच नये.

रेडिएटर डिझेलच्या मापाचा घ्यावा, थर्मोस्टॅट काढून टाकू नये. थर्मोस्टॅट नसला की पाणी रेडिएटरमधून थांबत नाही, खानापूरच्या थंडीत इंजिन कधीच नीट गरम होत नाही आणि बोअर लवकर झिजतो. तापमानाचा काटा जुना आणि सेन्सर नव्या इंजिनचा, अशी जोडी लावली तर काटा खोटं सांगतो. सेन्सर डॅशबोर्डच्या काट्याच्या घराण्याचा हवा.

पेट्रोल ठेवणार असाल तर आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या उसाचं. जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरचा डायफ्राम त्यात फुगतात. पाइप इथेनॉलला टिकणारे घ्यावेत, आणि पावसाळ्यात गाडी उभीच राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नये. अर्ध्या टाकीतल्या दमट हवेचं पाणी पेट्रोलमध्ये उतरतं आणि तळाशी वेगळं होऊन बसतं.

सगळं बसलं की वीस मिनिटं जागेवर चालू ठेवून गळती बघा, मग गावातल्या गावात दहा किलोमीटर, मग बोल्ट पुन्हा आवळा. खरी परीक्षा हायवेवर वंटमुरीचा घाट आणि पुढे संकेश्वर ओलांडल्यावर तवंदीचा घाट. चढताना तापमानाच्या काट्याकडे लक्ष, आणि वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद न करता दोन मिनिटं चालू ठेवून रेडिएटरच्या होजवर हात. उतरताना चौथ्या गिअरात, पाय ब्रेकवरून काढून, दांडा हाताच्या तळव्याने हलकाच धरून बघा. दांडा थरथरत मागे यायला बघत असेल तर डायल गेज पुन्हा लावायची वेळ आलीय. पाचव्यात घाट उतरू नये, त्या गिअरात इंजिनचा ब्रेक लागत नाही. खाली आल्यावर चारही ड्रमजवळ हात न्या, एखादा इतरांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथला ब्रेक घासतोय. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर इंजिनचं आणि पेटीचं, दोन्हींचं ऑईल बदला. पेटीचं जुनं ऑईल स्वच्छ पांढऱ्या ट्रेमध्ये काढा आणि तळाशी चुंबक फिरवा. बारीक राखाडी भुकटी आली तर नवे दात बसताहेत, तुकडे आले तर पेटी गाडीखाली असतानाच उघडा.